२५ लाखांचा निरोप



गेल्या वर्षी माझ्या वर्गातील एक मुलगी चार दिवस शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी तिची आई तिला घेऊन आली. आईच्या मोबाइलवर एक इंग्रजी पत्र होते. वर अशोकस्तंभाचे चित्र, खाली दोन गोल शिक्के आणि मध्ये लाल अक्षरांत '२५ लाख रुपये'. 'कौन बनेगा करोडपती'च्या लॉटरीत तुमच्या मोबाइल नंबराला बक्षीस लागले आहे, असे त्यात लिहिले होते. आईला इंग्रजी येत नाही, म्हणून मुलीनेच ते वाचून दाखवले. तिने एकही शब्द चुकीचा वाचला नव्हता. पत्रच खोटे होते.

पत्रानंतर फोन आला. बोलणारा स्वतःला बँकेचा मॅनेजर म्हणवत होता. त्याने आधी नोंदणीचे म्हणून ८,२०० रुपये मागितले, मग जीएसटीचे १५,०००. प्रत्येक वेळी तो बजावत असे, "बहनजी, रक्कम जमा होईपर्यंत घरात कोणाला सांगू नका." तिसरी मागणी आली तेव्हा बाईंच्या कानांतली फुलेही विकून झाली होती.

आता तुम्हीच विचार करा. जे तिकीट आपण घेतलेच नाही, त्याला बक्षीस कसे लागेल? आपल्या देशात लॉटरी राज्य सरकारे चालवतात आणि त्यासाठी १९९८ चा कायदा आहे. महाराष्ट्राची स्वतःची लॉटरी १९६९ मध्ये सुरू झाली. मोबाइल नंबरांची लॉटरी कोणतेही सरकार काढत नाही. 'कौन बनेगा करोडपती' हा तर प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम आहे. मोठ्या बक्षिसावर कर द्यावा लागतो, हे खरे आहे. पण तो बक्षिसाच्या रकमेतूनच कापला जातो. पैसे घेणाऱ्याला आधी पैसे भरावे लागत नाहीत. त्याला पिनही टाकावा लागत नाही.

या खुणा लक्षात ठेवाच. पण माझ्या मते सर्वांत मोठी खूण म्हणजे 'कोणाला सांगू नका' हे तीन शब्द. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला ते पत्र दाखवले असते, तरी त्याने एका मिनिटात सांगितले असते. ठगाला नेमकी त्याचीच भीती असते.

मोहल्ल्यात ही गोष्ट पसरली तेव्हा लोक हसले. "लोभाचे फळ मिळाले," असे म्हणाले. मला हे पटत नाही. त्या घरातला यंत्रमाग तीन महिने बंद होता, दुकानदाराची उधारी वाढली होती. अशा घरात २५ लाखांचा निरोप आला, तर त्यावर विश्वास ठेवावासा वाटणारच. आणि आपण हसतो म्हणून पुढचा फसलेला माणूस गप्प बसतो. त्याचा फायदा कोणाला होतो?

गप्प बसण्याची किंमत मोठी असते. अशा फसवणुकीची तक्रार करण्यासाठी १९३० हा सरकारी फोन क्रमांक आहे. तक्रार लवकर केली, तर ठगाच्या खात्यातले पैसे तेथेच अडवता येण्याची शक्यता असते. उशीर झाला, की ते एका खात्यातून दुसऱ्या खात्यात निघून जातात. या मायलेकींचे चार दिवस लाजेतच गेले. मुलगी तर मला म्हणाली, "टीचर, मीच वाचून दाखवलं ना!" तिची समजूत घालायला मला बराच वेळ लागला. तुमच्यापैकी कितीतरी जण आपापल्या घरी असेच वाचून दाखवत असतील. विजेचे बिल, दवाखान्याची चिठ्ठी, बँकेचा निरोप, सगळे तुमच्याच हातात येते.

आठवड्याभराने पुन्हा फोन आला. या वेळी तो म्हणे 'पोलीस अधिकारी' होता. गेलेले पैसे परत मिळवून देतो, फक्त ३,००० रुपये फी भरा, असे तो सांगत होता. मुलीने त्याचे बोलणे वहीत उतरवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी माझी परवानगी घेऊन फळ्यावर लिहिले. मग तिने वर्गाला विचारले, "यात खोटं काय आहे, सांगा."

मागच्या बाकावरून पहिला हात वर झाला.