भातुकलीचा संसार आणि कारागिराचा

बोटभर उंचीचे जाते, सुपारीएवढा हंडा, तळहातावर मावणारे पोळपाट-लाटणे. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडातून साकारणारा हा चिमुकला संसार महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांच्या बालपणात मांडला गेला. तो घडविणाऱ्या हातांचा संसार कसा चालतो, हा प्रश्न मात्र खेळणे विकत घेणाऱ्याला क्वचितच पडतो. कलेचे कौतुक आणि कलावंताची उपेक्षा हा आपल्या समाजाचा जुना रिवाज आहे. संस्थानी काळात ही कला राजाश्रयावर जगली; संस्थाने गेल्यावर राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी यांनी लाखकामाला व गंजिफाला नवे जीवन दिले, हे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु आश्रय म्हणजे हक्क नव्हे. आश्रयदात्याची मर्जी असेतोवर जगणारा कारागीर स्वतंत्र नागरिक ठरत नाही.

शासनाने काहीच केले नाही, असे कोणी म्हणणार नाही. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ साली ७० टक्क्यांवर नेण्यात आले. पण या तटबंदीच्या आत संरक्षण कोणाला मिळाले? परदेशी प्लास्टिकची जागा देशी कारखान्यातील प्लास्टिक घेऊ शकते. साच्यातून घटकेत शेकडो नग काढणारे यंत्र आणि एकेक नग कातून, घासून, रंगवून उभा करणारा माणूस यांची स्पर्धा देशी-परदेशी अशी नसते. ती भांडवल आणि श्रम यांची असते.

दुसरे उदाहरण गुणवत्ता आदेशाचे. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर मानक चिन्ह सक्तीचे झाले. मुलांच्या सुरक्षिततेसाठी ते योग्यच आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट देण्यात आली, हेही योग्य. मात्र सूट मिळते ती नोंदीला, कौशल्याला नव्हे. ज्याचे नाव सरकारी वहीत नाही, त्याचे खेळणे कायद्याच्या दृष्टीने संशयास्पद! शिवाय हस्तकलेच्या प्रश्नांवर सल्ला देण्यासाठी १९५२ पासून असलेले अखिल भारतीय हस्तकला मंडळ २०२० साली बरखास्त झाले. गाऱ्हाणे मांडण्याचे एक दार बंद झाले, ते असे.

२०२३ सालच्या विश्वकर्मा योजनेत पारंपरिक खेळणी बनविणाऱ्यांचा समावेश आहे. अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज, असे तिचे स्वरूप. पण लाभ कुटुंबातील एकालाच! अशा घरगुती धंद्यात पुरुष लाकूड कातत असेल, तर घासणे, रंग भरणे, बांधणी करणे यांत घरातील स्त्रियांचे दिवस जातात. कुटुंबात एकच कारागीर मोजायचा, तर या स्त्रियांच्या श्रमाची नोंद कोणत्या वहीत होणार? आणि कर्ज तरी कशाच्या जोरावर फेडायचे? पांगाऱ्याचे हलके, मऊ लाकूड हा या कामाचा पाया. ते पूर्वीसारखे सहज मिळेनासे झाले आहे. लाकूड नाही, हक्काची बाजारपेठ नाही, अशा स्थितीत कर्ज हे भांडवल न राहता ओझे होते.

जर्मनीतील सायफेन हे खाणकामगारांचे गाव. कथिलाच्या खाणी संपत गेल्या, तसे ते लाकडी खेळण्यांकडे वळले. तेथील कातारींनी १९१९ साली सहकारी संस्था उभारली. महायुद्ध, पूर्व जर्मनीची राजवट आणि १९९० चे एकीकरण एवढ्या उलथापालथींतून ती टिकून राहिली. सहकाराची परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्राला हे अशक्य का असावे?

मागण्या साध्या आहेत. धंद्यात राबणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची, स्त्रियांसह, कारागीर म्हणून स्वतंत्र नोंद व्हावी. वनविभागाने पांगाऱ्याची लागवड करून ठरावीक दराने लाकूड पुरवावे. कच्चा माल आणि विक्री यांसाठी कारागिरांच्याच मालकीची सहकारी संस्था उभी राहावी. या मागण्यांसाठी कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन आधी नोंदणीचे अर्ज भरून घ्यावेत. संघटनेचा आरंभ तेथूनच होईल. भातुकलीच्या चुलीत विस्तव नसतो, ते शोभते. ती घडविणाऱ्याच्या घरातील चूल विझता कामा नये.