काटा दिसतो, आकडा दिसत नाही!

दोस्तांनो, या आठवड्यात कळसाडीहून आलेलं एक पत्र सगळ्यांत आधी घेतो. शहादा तालुक्यातलं हे गाव. पत्र लिहिणारा दोस्त सातवीत आहे. त्याचे आजोबा पूर्वी आसपासच्या गावांतल्या लग्नांचे फोटो काढायचे. यंदाच्या होळीला जुन्या कॅमेऱ्यात रोल घालून काठीला जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण "मीटरचे आकडेच दिसत नाहीत, आता कशाला ते!" म्हणून त्यांनी बॅग पुन्हा माळ्यावर टाकली. नातू विचारतो, बॅगेत दोन मीटर आहेत. काट्याचा जुना मीटर आजोबांना वाचता येतो. मग आकड्यांचा नवा का येत नाही?

छान प्रश्न आहे रे! पण बाकीच्यांना आधी मीटर म्हणजे काय ते सांगू दे. डिजिटल कॅमेऱ्यात फोटो लगेच दिसतो. रोलवर मात्र तो धुऊन आल्यावरच कळतो. तेव्हा चुकलेलं सुधारायला होळी काही परत पेटत नाही. म्हणून उजेड आधी मोजायचा. मुठीत मावणारं हे यंत्र त्यासाठीच. बऱ्याच मीटरांवर पिंगपाँगच्या अर्ध्या चेंडूसारखा पांढरा घुमट असतो. तो उजेड गोळा करतो आणि मीटर सांगतो, शटर किती वेळ उघडं ठेवायचं, भिंगाचं छिद्र केवढं ठेवायचं.

जुन्या मीटरमध्ये बहुधा सेलेनियम असतं. त्यावर उजेड पडला की अगदी थोडी वीज तयार होते आणि ती काटा हलवते. बॅटरी नाहीच! काळा काटा, पांढरी पट्टी. शिवाय आकडा नीट दिसला नाही तरी काटा कुठवर गेला ते नजरेला कळतं, जसं भिंतीवरचं घड्याळ लांबूनही कळतं. पण यात एक मेख आहे. उजेड कमी झाला की काट्याला ढकलायला वीजच पुरत नाही आणि तो शून्यापाशी बसून राहतो. भर उन्हात सुमारे १ लाख लक्स उजेड असतो, तर पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्सही नसतो. काठीची होळी रात्रभराच्या ढोल-नाचानंतर पहाटे पेटते. तिथे आजोबांचा लाडका काटा फारसा उपयोगी पडणार नाही. नेमका तिथेच नवा मीटर हवा.

आता त्याचे आकडे. ते एलसीडीचे असतात, तुमच्या कॅल्क्युलेटरसारखे. हे आकडे स्वतः प्रकाश देत नाहीत. बाहेरचा उजेड आत जातो, मागच्या चकचकीत थरावरून परततो आणि आकड्याच्या रेघा तो अडवतात, म्हणून त्या काळ्या दिसतात. उन्हात झकास! अंधारात परतायला उजेडच नाही, तर दिसणार काय? गंमत बघा, चांगला मीटर अंधारातला उजेड मोजतो, पण मोजलेलं आपल्याला दिसत नाही. काही मीटरांत मागे छोटा दिवा असतो, काहींत नसतो. घरातला कॅल्क्युलेटर घेऊन तिरका, सरळ, अंधाऱ्या खोलीत, असा धरून बघा. बाबांचा पोलराइज्ड गॉगल असेल तर त्यातून बघत कॅल्क्युलेटर हळूहळू गोल फिरवा. एका ठिकाणी आकडे गायबच होतील! (गॉगल विचारून घ्या हं.)

आणि आजोबांचे डोळे? चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं धूसर दिसतं. म्हणून तर चष्म्यालाच आपण 'चाळिशी' म्हणतो. पुढे बाहुलीही पूर्वीइतकी मोठी होत नाही, त्यामुळे अंधारात डोळ्यात उजेड कमी शिरतो. त्यात मीटरवरच्या खुणा मुंगीएवढ्या. बऱ्याच मीटरांवर नुसता ४ म्हणजे पाव सेकंद, आणि शेजारी सेकंदाची बारीक खूण असली तर पूर्ण ४ सेकंद. ती खूण नजरेतून सुटली तर उजेडात सोळा पटींचा फरक! फोटो एक तर काळाठिक्कर, नाही तर पांढराफटक. इतकी महत्त्वाची खूण इतकी बारीक का छापतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

तर दोस्ता, मीटर तू धर. ज्याचा फोटो काढायचा त्याच्याजवळ उभा राहा, घुमट कॅमेऱ्याकडे कर आणि बटण दाब. बॅटरी मुळीच लावायची नाही, नाहीतर मीटर होळीऐवजी बॅटरीचाच उजेड मोजेल! मोजलेला आकडा पडद्यावर राहतो. मग बाजूला हो, बॅटरी तिरकी धर म्हणजे काच चमकणार नाही, आणि आकडा मोठ्याने वाच. सेकंदाची खूण असेल तर तीही ओरडून सांग. ढोलाच्या आवाजात आजोबांना ऐकू जायला हवं ना! दोन-तीन संध्याकाळी अंगणात चुलीपाशी सराव करा.

आणि हो, बॅग माळ्यावरून काढलीस की पहिल्यांदा मीटरचा सेल बदल. सेल संपत आला की आकडे फिके पडतात. काय सांगावं, आजोबांचे डोळे ठीक असतील आणि सेलच म्हातारा झाला असेल!