नळी पाठवा, पण झालरीसकट

गर्भपिशवी काढल्यानंतरच्या रिपोर्टमध्ये तळाशी एक ओळ असते: ‘दोन्ही गर्भनलिका – विशेष काही नाही.’ ती पेशंट वाचत नाही, तिचा नवरा वाचत नाही आणि सर्जन वाचत असतील याचीही मला खात्री नाही. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, त्यामुळे ही ओळ कशाच्या जोरावर लिहिली जाते ते मला ठाऊक आहे. नळीच्या मधोमध एक चकती कापायची, ती स्लाइडवर घ्यायची आणि पुढच्या बरणीकडे वळायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. ती आता मोडायला हवी, आणि ती एकट्या पॅथॉलॉजिस्टला मोडता येणार नाही.

नळी दिसायला गरीब. दहा-बारा सेंटिमीटर लांब, गर्भाशयाकडे बारीक, पुढे रुंद होत जाणारी, ओव्हरीजवळच्या टोकाला झालर. तिचा सगळा ऐवज आत असतो. गर्भाशयालगतच्या अरुंद भागात स्नायू जाड आणि अस्तराच्या घड्या मोजक्या, ठेंगण्या. पुढच्या रुंद भागात, जिथे बीज फळतं, तिथे घडीला घडी आणि प्रत्येक घडीला फाटे. नऊवारीच्या निऱ्या आडव्या कापून बघाव्यात तसं. मोकळी पोकळी जवळजवळ उरतच नाही, नुसत्या फटी दिसतात. आणि या एवढ्या पसाऱ्यावर पेशींचा एकच थर! त्यात मुख्य जाती दोन. एकीच्या माथ्यावर सिलिया, म्हणजे सूक्ष्म हलते केस. बीज गर्भाशयाकडे सरकवण्यात त्यांचा मोठा वाटा. दुसरी जात स्राव पाझरणारी. नळीतल्या तीन-चार दिवसांच्या मुक्कामात भ्रूणाला हा स्राव सांभाळतो. झालरीकडे सिलियावाल्या पेशी जास्त, गर्भाशयाकडे स्रावाच्या पेशींचं प्रमाण वाढतं. पाळीबरोबर गर्भाशयाचं अस्तर बदलतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण नळीचंही बदलतं: इस्ट्रोजेनच्या दिवसांत सिलिया उंच, प्रोजेस्टेरॉनच्या दिवसांत उतरत्या.

अस्तराखाली गादीसारखा जाड थर मात्र इथे नाही. पातळ जोडऊती संपली की थेट स्नायू. म्हणून चुकून गर्भ नळीतच रुजला तर तो लवकर स्नायूत घुसतो, आणि नळी फुटून बाईच्या जिवावर बेतू शकतं.

याच स्रावाच्या पेशींनी आमची पुस्तकं बदलायला लावली. ओव्हरीच्या कॅन्सरचा सर्वांत नेहमीचा आणि सर्वांत घातक प्रकार ओव्हरीच्या पृष्ठभागावर उगवतो, असं आम्ही शिकलो होतो. पण तिथे त्याची सुरुवातीची पायरी कोणाला धडपणे सापडत नव्हती. २००१ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी घराण्यात या कॅन्सरचा धोका असलेल्या बायकांच्या, खबरदारी म्हणून काढलेल्या नळ्या तपासल्या, आणि कॅन्सरच्या वाटेवर निघालेल्या पेशी त्यांना नळीच्या अस्तरात दिसल्या. पुढे बोस्टनच्या पॅथॉलॉजिस्टांनी २००६ च्या सुमारास नळी कापायची पद्धतच ठरवून दिली. टोकाचे दोनेक सेंटिमीटर वेगळे काढायचे, ते उभे चिरायचे म्हणजे झालरीचा जास्तीत जास्त पृष्ठभाग दिसतो, उरलेल्या नळीच्या दोन-तीन मिलिमीटरच्या चकत्या करायच्या, आणि सगळं पॅराफिनमध्ये घालायचं. या घातक प्रकारातले बहुतेक कॅन्सर झालरीतच सुरू होतात, हे आज जवळपास सर्वमान्य आहे. ती सुरुवात कधी कधी एका मिलिमीटरहूनही लहान असते. मधल्या चकतीत ती सापडली तर नशीबच म्हणायचं.

सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ताची तपासणी कशासाठी आहेत, असं कोणी विचारेल. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक बायकांवर ही चाळणी वर्षानुवर्षं लावून पाहिली. निकाल २०२१ मध्ये आला: मृत्यू कमी झाले नाहीत. सोनोग्राफीच्या पडद्यावर अस्तराच्या एका पेशी-थरातली गडबड दिसणार तरी कशी?

टीबीतही अस्तराचं नुकसान असंच नजरेआड राहतं. स्त्रीच्या जननमार्गात टीबी शिरला की बहुतेक वेळा नळ्या गाठतो. घड्या एकमेकींना चिकटतात, अस्तर झडतं, मूल राहत नाही, आणि ठपका बाईवर येतो. डाय टाकून काढलेल्या एक्स-रेत नळी ‘ओपन’ दिसली की घरी पेढे वाटायची तयारी होते. नळी मोकळी असणं आणि अस्तर शाबूत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे लिहिताना मला एक भीती आहे, ती सांगून टाकते. आपल्या राज्यात पिशव्या काढण्याचा इतिहास चांगला नाही. बीडच्या ऊसतोड बायकांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, चौकशी समिती नेमावी लागली. उद्या ‘कॅन्सर होऊ नये म्हणून नळ्या काढा’ अशी पाटी लागायला वेळ लागणार नाही. माझं म्हणणं ते नाही. पिशवी काढणं खरोखर गरजेचं असेल आणि बाईला आणखी मूल नको असेल, तर तिला विचारून, समजावून, ओव्हऱ्या जागेवर ठेवून नळ्या सोबत काढता येतात. ब्रिटिश कोलंबियात हा सल्ला २०१० पासून दिला जातो. पण त्यासाठी नव्याने पोट उघडायचं कारण नाही, आणि पिशवी काढायला तर हे कारण मुळीच नव्हे.

तर काढलेली नळी पूर्ण पाठवा. माझ्याकडे झालर कापून टाकलेल्या नळ्या येतात, कोणती डावी कोणती उजवी याचा पत्ता नसलेल्या येतात. फॉर्मवर घराण्यातल्या कॅन्सरचा रकाना कोराच असतो. आईला, मावशीला, बहिणीला स्तनाचा किंवा ओव्हरीचा कॅन्सर झाला होता का, एवढं विचारायला ओपीडीत अर्धं मिनिट लागतं. ‘हो’ असेल तर आम्ही अख्खी नळी पॅराफिनमध्ये बसवू. नसेल तर निदान दोन्ही झालरी पूर्ण आणि मधल्या काही चकत्या.

खर्च वाढतो, खरं आहे. पॅराफिनचे ब्लॉक वाढतात, टेक्निशियन कुरकुरतो, आणि ठरावीक दरात रिपोर्ट मागणारी हॉस्पिटलं म्हणतात, ‘मॅडम, पेशंट गरीब आहे.’ पण हजारोंच्या ऑपरेशनच्या बिलात चार-सहा जादा ब्लॉकचे पैसे कुठे लपतील तेही कळणार नाही. पेशंटनेही रिपोर्ट हातात आल्यावर ती तळाची ओळ शोधावी आणि झालर तपासली का, असं सरळ विचारावं. आम्हाला राग येत नाही. आला तरी विचारावं.