पदवीला जादा मत, मग नांगराला का नाही?

बांधवहो, मुंबई इलाख्याचे कायदेकौन्सिल १८६१ च्या कायद्याने जन्मास आले व त्याची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी भरली. गव्हर्नराने बोलवावे आणि बड्यांनी जाऊन बसावे, असा तो दरबार! सारा कोण भरी? शेतकरी. कायदे कोण करी? ज्याच्या हाताला कधी माती लागली नाही तो. १८९२ च्या कायद्याने निवडणुकीचे दार किलकिले झाले, पण ते म्युनिसिपालट्या, लोकल बोर्डे, दक्षिणेतले सरदार, व्यापारी आणि युनिव्हर्सिटी यांच्यापुरते. कुणबी, कुंभार, लोहार, विणकर उंबऱ्याबाहेरच राहिले.

१९२० च्या निवडणुकीत काही शेतकऱ्यांस मत मिळाले. पण बहुतेक जिल्ह्यांत निदान ३२ रुपये साऱ्याची जमीन पदरी असेल त्यालाच. मराठे व तत्सम जातींना ७ राखीव जागा मिळाल्या, त्याही ब्राह्मणेतरांनी घसा कोरडा करून मागितल्या तेव्हा. आपल्या बाजूची माणसे तेथे बसली म्हणजे काय होते, हे ४ ऑगस्ट १९२३ रोजी दिसले. रावबहादूर बोले यांचा ठराव पास होऊन सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य बांधवांस खुले ठरले, आणि त्याच ठरावाच्या बळावर १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी खोती मोडण्याचे बिल मांडले तेही याच कायदेमंडळात. म्हणून मत ही क्षुल्लक वस्तू नव्हे.

सर्व सज्ञान स्त्रीपुरुषांस मत मिळून १९५२ साली विधानसभा निवडली गेली. आज महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ जागा आहेत. त्यांपैकी २९ अनुसूचित जातींसाठी व २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव. तेथे मोलकरणीचे मत व गिरणीमालकाचे मत एकाच मापाचे.

मग शेजारच्या विधान परिषदेत हे माप का बदलते? तिच्या ७८ जागांपैकी ३० आमदार निवडतात, २२ स्थानिक संस्थांचे सभासद निवडतात, १२ राज्यपाल नेमतात, ७ पदवीधरांच्या आणि ७ शिक्षकांच्या. १८९२ सालची युनिव्हर्सिटीची खुर्ची नवे कापड घालून पुन्हा मांडली आहे, दुसरे काय? पदवी मिळून तीन वर्षे झालेल्यास जादा मत. पण तीस वर्षे नांगर धरणाऱ्यास नाही, ऐरणीवर घण घालणाऱ्यास नाही. शिक्षकांतही माध्यमिकच्या खालचा शिक्षक वगळला आहे. आपल्या पोरांना अक्षर गिरवायला शिकविणारा गावचा मास्तर या कायद्याच्या दृष्टीने शिक्षकच नव्हे! स्थानिक संस्थांत जिल्हा परिषदेच्या सभासदास मत. ग्रामपंचायतीच्या पंचास नाही.

कोणी म्हणतील, कायदे करण्यास विद्वान नकोत काय? हवेत, अवश्य हवेत! विधानसभेचे दार त्यांना बंद आहे काय? त्यांनी आमच्याकडे मत मागावे, आम्ही आनंदाने देऊ. विद्येशी आमचे वैर नाही. रयतेच्या घामाच्या पैशावर वरिष्ठांच्या पोरांची कॉलेजे चालतात आणि खेड्यातली शाळा ओस राहते, हे जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे सांगितले. ज्या पदवीचा खर्च रयतेने सोसला, तीच पदवी रयतेपेक्षा जास्त मताची मालकीण व्हावी काय?

दुसरे म्हणतील, परिषदेला सत्ता कोठे आहे? पैशाचे बिल ती १४ दिवसांपलीकडे अडवू शकत नाही आणि इतर बिलांतही शेवटचा शब्द विधानसभेचाच. खरे आहे. पण परिषदेचा सभासद मंत्री होतो, मुख्यमंत्रीही होतो. आणि सत्ता नसेलच, तर हा पांढरा हत्ती पोसावा कशाला?

उपाय घटनेतच आहे. विधानसभेने दोनतृतीयांश मतांनी ठराव करावा, पार्लमेंटने कायदा करावा, की परिषद रद्द. पश्चिम बंगालने १९६९ साली व तामिळनाडूने १९८६ साली हे करून दाखविले. तेथले राज्य बुडाले नाही.

तेव्हा शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, मत मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवारास विचारा, "बाबा रे, या जादा मताविरुद्ध तू हात वर करशील काय?" तोवर घरात पदवी घेतलेली मुले-मुली असतील त्यांची नावे यादीत घाला. ही यादी दर निवडणुकीस नव्याने होते. जो अर्ज भरीत नाही तो बाहेर राहतो. मागच्या दाराला कुलूप लागेपर्यंत तेथला पहारा तरी आपला असू द्या.