मडकं फोडण्याआधी

गेल्या वर्षी ८ मार्चला पोलादपूर तालुक्यातल्या एका गावात आम्ही महाड आणि पोलादपूरच्या बचत गटांची पदार्थ स्पर्धा घेतली. नाचणी, वरी, रानभाज्या, करवंद, कोकम, मोहाची फुलं असं जे आपल्या डोंगरात मिळतं, त्याचेच पदार्थ करायचे असा नियम होता. अशा स्पर्धा सगळीकडे होतात, त्यात नवल नाही. नवल हे की परीक्षणाची पद्धत आम्ही अमेरिकेतल्या घरगुती बियरच्या स्पर्धेतून उचलली होती. दारूविरोधी मोर्चात घसा कोरडा करणाऱ्या बायकांनी बियरवाल्यांकडून काय शिकायचं, असं तुम्ही म्हणाल. मीही आधी तेच म्हणाले होते.

एम.एस.डब्ल्यू.ला माझ्या वर्गात असलेली एक मैत्रीण लग्नानंतर तिकडे गेली. तिचा नवरा घरी बियर बनवतो. जव भिजवून, मोड आणून, वाळवून तयार केलेला माल्ट गरम पाण्यात ठेवायचा, त्याचं गोड पाणी हॉप्स नावाच्या कडवट फुलांबरोबर उकळायचं, निवल्यावर यीस्ट घालून आंबवायचं आणि दोनेक आठवड्यांनी बाटल्या भरायच्या. तिकडे हा हजारो लोकांचा छंद आहे. त्यांचे क्लब आहेत, स्पर्धा आहेत. मैत्रीण अशाच एका क्लबच्या स्पर्धेची व्यवस्था बघते. तिने फोनवर सगळं सांगितलं आणि गुणांचा तक्ताही पाठवला.

स्पर्धकाने बाटल्या द्यायच्या त्या कोऱ्या. लेबल नाही, झाकणावर खूण असेल तर ती काळ्या शाईने पुसायची. नोंदणी करणारी बाटलीला फक्त नंबर देते आणि नावांची यादी स्वतःकडे ठेवते. परीक्षक निदान दोन असतात. ज्या प्रकारात स्वतःची बियर आहे, त्या प्रकारात परीक्षण करायचं नाही. अत्तर लावून यायचं नाही. अधूनमधून साधा पाव खाऊन, पाणी पिऊन जीभ स्वच्छ करायची. बाटली आणून देणारे कार्यकर्ते वेगळे, त्यांनी परीक्षकांशी बाटलीबद्दल बोलायचं नाही. एकूण गुण ५०. त्यात सुवासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते याला ५ आणि एकूण मताला १०. दिसण्याला ५० पैकी फक्त ३ हे वाचून मला बरं वाटलं. आपल्याकडे मुली बघायला येणाऱ्यांना हा तक्ता दाखवायला हवा.

पण मला खरी पटली ती शेवटची गोष्ट. प्रत्येक स्पर्धकाला, मग तो जिंको वा हरो, परीक्षकांनी लिहिलेला कागद परत मिळतो. लोण्यासारखा वास येतो, म्हणजे आंबवण्याला पुरेसा वेळ दिला नाही. हिरव्या सफरचंदासारखा वास येतो, म्हणजे बियर अजून कच्ची आहे. नुसतं नापास करून सोडत नाहीत, कुठे चुकलं ते सांगतात.

आम्हाला ही पद्धत हवी होती, कारण आमच्या स्पर्धा खोट्या होत चालल्या होत्या. बक्षीस दरवर्षी त्याच चारदोन घरांत जायचं. कातकरीवाडीतल्या बायकांनी आणलेली ताटं संध्याकाळी तशीच भरलेली परत जायची. कुणी उघड काही बोलत नव्हतं. परीक्षक बाई ताटापाशी यायच्या, "छान हो" म्हणायच्या आणि चमचा न लावता पुढे जायच्या. हे कुठे, तर १९२७ साली ज्या महाडने चवदार तळ्याचं पाणी पाहिलं, त्या महाडच्या शेजारी. दरवर्षी २० मार्चला आम्ही तळ्यावर जातो आणि त्याच महिन्यात आमच्याच मांडवात हे चालत होतं.

म्हणून या वेळी ताटं नाहीत, सगळ्यांना सारख्या स्टीलच्या वाट्या दिल्या. वाट्यांना नंबर. यादी एका शिक्षिकेच्या पर्समध्ये. परीक्षक पाच जणी, आणि प्रत्येकीने प्रत्येक वाटीतलं खाल्लंच पाहिजे अशी अट. कोणती वाटी कुणाची हे कळायला मार्गच नसल्यामुळे सगळ्यांनी सगळं खाल्लं. पहिलं बक्षीस आलं भाजलेल्या मोहफुलांच्या, तीळगूळ घातलेल्या लाडवाला. यादी उघडून नाव वाचलं, तेव्हा मांडवात क्षणभर शांतता झाली. एका परीक्षक बाईने हातातला उरलेला लाडू हळूच कागदात गुंडाळून बाजूला ठेवला. तो तिने टाकला की घरी नेला, मला माहीत नाही. आधी आवडीने खाल्ला होता, एवढं मी पाहिलं होतं.

बक्षीस घ्यायला जी बाई उठली, तिला मी ओळखत होते. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिच्या झोपडीवर गेलो होतो. गावातल्या बायकांची तक्रार होती की तिथे हातभट्टी चालते. आम्ही पंधरावीस जणी, बरोबर पोलीस. रसायनाची मडकी फोडली. त्यातलं एक माझ्या हातून फुटलं. फोटो निघाला, बातमी आली. तिच्यावर केस झाली.

स्टीलचा डबा हातात घेऊन ती मला हळूच म्हणाली, "ताई, तवा मडकं फोडलंत. फुलं हीच व्हती."

त्या वाक्याने मी बरेच दिवस अस्वस्थ आहे. हा लेख त्यातूनच लिहिते आहे.

आधी कायद्याचं बोलू. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. परवान्याशिवाय घरी दारू गाळणं गुन्हा आहे, आणि बियर बनवणं हाही गुन्हाच आहे. पण शहरातल्या उंची ठिकाणी डोळ्यांसमोर बियर तयार करून विकण्याचा परवाना मिळतो. त्यासाठी भांडवल लागतं. वाडीतल्या बाईकडे भांडवल म्हणजे दोन मडकी आणि एक पातेलं.

हे आजचं नाही. इंग्रजांनी १८७८ मध्ये मुंबई अबकारी कायदा केला आणि दारूचं उत्पादन मोजक्या ठेकेदारांच्या हातात दिलं. पुढे १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहफुलांवर निर्बंध घालणारा खास कायदा आला. कुलाबा म्हणजे आपलंच रायगड. झाडाखाली पडलेलं फूल घरात ठेवलं, तरी आदिवासी संशयित झाला. सरकारला लोकांच्या तब्येतीची काळजी नव्हती, महसुलाची होती. युरोपातही बियर शेकडो वर्षं घरातल्या बायकाच बनवत होत्या. धंदा मोठा झाला, भांडवल आणि परवाने आले, तेव्हा तो पुरुषांच्या हातात गेला. आज तिकडच्या स्पर्धांत बक्षीस घेणारे बहुतेक पुरुषच असतात.

मग घरोघर भट्ट्या लावू द्याव्यात का? नाही. माझं म्हणणं ते नाही. बियर आणि हातभट्टी यांत फरक आहे. बियर फक्त आंबवलेली असते, हातभट्टीची दारू गाळलेली आणि कितीतरी जास्त कडक असते. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरी स्वतःपुरती बियर बनवायला मोकळीक दिली, पण घरी दारू गाळणं तिथंही गुन्हाच आहे. आपल्याकडे २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. तिथे मिथेनॉल हे कारखान्यात वापरायचं रसायन दारू म्हणून विकलं गेलं होतं. ते मोहाच्या फुलातून आलं नव्हतं, पण मरणाऱ्याला त्याने काय फरक पडतो?

आणि दारूपायी मार खाणारी बाई मी रोज बघते. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी महाडला जमलेल्या बायकांना सांगितलं होतं की नवरा असो वा मुलगा, दारू पिऊन आला तर त्याला जेवायला घालू नका. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी आली ती लोकांच्या, बायकांच्या रेट्याने. चंद्रपूरमध्ये २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली, तेव्हा आपण सगळ्याच चिडलो होतो. तो लढा चुकीचा नाही. प्रश्न एवढाच की आपण पहिला दगड कुणावर मारतो.

परवान्याचं दुकान बंद करायचं तर काय करावं लागतं, ते आठवा. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के बायकांच्या सह्यांचं निवेदन, सह्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान, आणि एकूण नोंदलेल्या मतदार बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी बाटली आडवी केली तरच दुकान बंद. कामावर गेलेली, माहेरी गेलेली, मुंबईला गेलेली बाई मोजली जाते ती दुकानदाराच्या बाजूने. आणि कातकरी विधवेची भट्टी बंद करायला काय लागतं? एक फोन. मग आपण फोन करतो, कारण ते सोपं असतं, आणि अहवालात "भट्टी उद्ध्वस्त" असं लिहिता येतं. दुकान चालूच राहतं.

बक्षिसानंतर मी तिच्या घरी गेले. मडकं फोडायला गेले होते तेव्हा जे विचारायला हवं होतं, ते आता विचारलं. नवरा वीटभट्टीवर वारला. मुकादमाची उचल तिच्या डोक्यावर आली. निराधार योजनेचा अर्ज कागद अपुरे म्हणून परत आला. मोहाची फुलं वाळवून व्यापाऱ्याला दिली, तर तो देईल तो भाव; तीच फुलं गाळली की संध्याकाळी हातात पैसा. पिणारे कोण? वाडीतले थोडे, गावातले जास्त. तक्रार करणाऱ्या घरांतलेही काही.

तिला दारू गाळायला आवडत नाही. तिला फुलं ओळखता येतात. कोणतं झाड गोड, कोणतं फूल किती वाळलं म्हणजे भाजायला योग्य, हे तिला ठाऊक आहे. हे ज्ञान विकायचा एकच रस्ता तिला दिसला आणि आपण तोही बंद केला. दुसरा उघडला नाही.

म्हणून मैत्रिणींनो, माझ्या तीन सूचना आहेत. कोणत्याही भट्टीवर जाण्याआधी गटातल्या दोघींनी त्या बाईकडे बसून यावं: कर्ज किती, कोणाचं, माल कोण नेतं, हप्ता कोण घेतं. केस आधी तिच्यावर नाही, त्या साखळीच्या वरच्या टोकावर व्हावी. दुसरं, २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क आदिवासींना दिला आहे, आणि २०२१ मध्ये राज्याने मोहफुलांवरचे निर्बंधही सैल केले. तेव्हा बचत गटांनी फुलांची साठवण आणि एकत्र विक्री हाती घ्यावी, म्हणजे पावसाळ्यात भाव येईपर्यंत फूल थांबू शकेल. तिसरं, आपल्या सगळ्या स्पर्धा नाव झाकून घ्याव्यात, आणि हरलेल्या बाईलाही कागदावर कारण लिहून द्यावं. तिला वाचता येत नसेल तर वाचून दाखवावं.

यंदाच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून तिला बसवावं, असा ठराव मी बैठकीत मांडला. दोन गट बाजूने आहेत. एका गटाने सांगितलं की जिच्यावर दारूची केस आहे, तिने चाखलेल्या वाटीतलं आम्ही खाणार नाही. खरं कारण केस आहे की वाडी, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. ठराव पुढच्या बैठकीपर्यंत लांबला आहे. तुमच्या गटापुढे असा ठराव आला तर तुम्ही हात वर कराल का, हे मला कळवा.