सात वर्षांची मुदत काढा : माजी सैनिकांचा सरकारला अखेरचा इशारा

विनंत्या करून झाल्या. हे पत्र त्यांच्यानंतरचे आहे.

आम्ही भोपाळच्या अवधपुरीत आणि आसपास राहणारे माजी सैनिक. बरेचसे सातारा-कोल्हापूरकडचे. नोकरी संपल्यावर इथे घरे केली. आमच्यात जहाजांच्या बॉयलर रूममध्ये पाळ्या केलेले आहेत. लष्करी वर्कशॉपमध्ये गाड्यांचे ब्रेक उघडून हवेच्या झोताने धूळ उडवलेले आहेत.

त्या धुळीत ॲस्बेस्टॉस होते. आम्हाला कोणी सांगितले नाही.

ॲस्बेस्टॉसचा तंतू श्वासातून आत जातो आणि फुफ्फुसाच्या आवरणापर्यंत पोहोचतो. तिथे तो राहतो. 20 वर्षे, 30 वर्षे, कधी 50 वर्षे. मग त्या आवरणाचा कर्करोग, मेसोथेलिओमा, होऊ शकतो. निदानानंतर बहुतेकांच्या हाती वर्ष-दीड वर्ष उरते.

ॲस्बेस्टॉसचा प्रत्येक प्रकार माणसाला कर्करोग करतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने कधीच सांगितले आहे. त्यावर वाद घालायला आम्ही आलेलो नाही.

आम्ही नियमाबद्दल बोलत आहोत.

निवृत्तीनंतर उद्भवलेला आजार सेवेमुळे झाला असे मानायचे, तर तो 7 वर्षांच्या आत दिसला पाहिजे. 2008 च्या हक्क नियमांत ही अट लिहिली गेली.

रोगाला 30 वर्षे लागतात. नियम 7 वर्षे थांबतो.

जवान 40 व्या वर्षी निवृत्त होतो. 68 व्या वर्षी त्याच्या छातीत पाणी होते. त्याचा अपंगत्व निवृत्तिवेतनाचा दावा 21 वर्षांपूर्वीच बाद झालेला असतो.

नियम लिहिताना हे सुटले असेल. दाखवून दिल्यावरही तसेच ठेवले, तर तो आपला निर्णय ठरतो. आम्ही त्याला निर्णयच समजू.

27 जानेवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांचा निकाल दिला. प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद कामाला लागल्यापासून 40 वर्षे किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षे, यांपैकी जे नंतर संपेल तोवर जपा, असे बजावले. बाधित ठरलेल्याला 1 लाख रुपये द्या, असे सांगितले. कामगाराचे आरोग्य घटनेच्या कलम 21 मध्ये येते, हेही सांगितले.

बॉयलरपाशी राबलेला खलाशी त्या कलमात येतो की नाही, ते आपण लेखी कळवावे.

2005 साली मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस गिरणीच्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 181 जणांना तपासले. शेकडा 23 जणांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. तपासले म्हणून निघाला. आमची तपासणी कोणी केलेली नाही.

‘विराट’ युद्धनौका पाहा. 1959 ते 1984 ती ब्रिटिश नौदलाची ‘हर्मिस’ होती. 1987 ते 2017 ती आपली. वाफेवर चालणारी, ज्या काळात ब्रिटिश गोद्यांत वाफेच्या नळांना ॲस्बेस्टॉस गुंडाळत त्या काळात बांधलेली. तिच्यावरच्या ब्रिटिश खलाशाला सेवेतल्या ॲस्बेस्टॉसमुळे मेसोथेलिओमा झाला, तर 2016 पासून तो ब्रिटिश सरकारकडे 1 लाख 40 हजार पौंड एकरकमी मागू शकतो.

जहाज एकच. त्याच्यानंतर त्याच जागी उभा राहिलेला आपला खलाशी मुदतीत बसत नाही.

आम्ही अर्ज दिले. पोचपावत्या मिळाल्या. स्मरणपत्रे दिली. ती ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ पुढे गेली.

आम्ही उपोषणाला बसलो नाही. रस्ता अडवला नाही. शिस्त आमच्या हाडीमाशी आहे. आपण तिला लाचारी समजलात.

दरम्यान आमच्यातली माणसे गेली. कुणावर आधी महिनोन्‌महिने क्षयाचे उपचार झाले. छातीतल्या पाण्याचे खरे कारण कळले तेव्हा वेळ उरली नव्हती. त्यांच्या पत्नींना आजही सांगितले जाते की आजाराचा सेवेशी संबंध नाही.

हे भोपाळ आहे. 1984 च्या वायुगळतीच्या रात्रीनंतर आपला आजार सिद्ध करण्यासाठी इथली माणसे दशकानुदशके कागद घेऊन फिरली. कागद नसला की मेलेला माणूसही मोजला जात नाही, हे या शहराला शिकवावे लागत नाही.

म्हणून आम्ही कागद जमवले आहेत. कोण, कोणत्या जहाजावर, कोणत्या वर्कशॉपमध्ये, किती वर्षे. डिस्चार्ज बुके, एक्स-रे, बायोप्सीचे अहवाल. आमच्यातल्या अनेकांनी मृत्यूनंतर फुफ्फुसे तपासण्याची लेखी संमती घरच्यांकडे देऊन ठेवली आहे. पुरावा आमच्या छातीत आहे. तो गहाळ होणार नाही.

आमच्या मागण्या चार.

ॲस्बेस्टॉसच्या आजारांसाठी 7 वर्षांची अट काढा.

कोणत्या जहाजांत, बराकींत आणि वर्कशॉपमध्ये ॲस्बेस्टॉस होते, ती यादी जाहीर करा.

संपर्कात आलेल्या प्रत्येकाची माजी सैनिक आरोग्य योजनेतून आयुष्यभर छातीची तपासणी करा.

नाकारलेले दावे पुन्हा उघडा. विधवांचे सर्वांत आधी.

मुदत येत्या 27 जानेवारीपर्यंत. तारीख विचार करून निवडली आहे.

त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणात अर्ज दाखल होतील. एकत्र नव्हे. प्रत्येकाचा स्वतंत्र. प्रत्येकाला आपल्याला स्वतंत्र उत्तर द्यावे लागेल.

भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेमुळे झाला नाही, हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे. 2013 च्या धर्मवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. तो भार उचलण्याची तयारी ठेवा.

या कागदांची नोंदवही त्याच दिवशी संसदेच्या प्रत्येक सदस्याकडे जाईल. जहाजांच्या नावांसह. बाद दाव्यांच्या तारखांसह.

आमच्यातले काही निकाल लागेपर्यंत नसतील. त्यांच्या अर्जावर वारसांची नावे आजच घातली आहेत.

यापुढे स्मरणपत्र येणार नाही.