इंजिन बांधल्यावर भारी ऑईल कधी घालावे?



आमचे काम उसाच्या बेण्याचे नि खताच्या मात्रेचे. इंजिनाच्या भानगडीत आम्ही का पडावे, असे कोणी विचारील. पण गटागटांतून फिरताना फडात तुटून पडलेला ऊस आणि शेजारी बोनेट उघडून उभा असलेला ट्रॅक्टर हे दृश्य आम्ही इतक्यांदा पाहिले आहे, की गप्प बसवत नाही. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडायला हवा. तो वाळला की वजन तुमचे घटते आणि उतारा सगळ्यांचा.

हंगामाच्या तोंडावर पुष्कळ सभासद इंजिन खोलतात. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगे नवी पडतात. एवढा खर्च झालाच आहे तर ऑईलही भारीतले घालू, असे म्हणून पहिल्या दिवशीच सिंथेटिकचा डबा ओतला जातो. ही घाई करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नव्या रिंगा पहिल्या दिवशी लायनरला पुरत्या भिडलेल्या नसतात. होनिंग करताना लायनरच्या आत बारीक तिरप्या रेघा पाडलेल्या असतात. इंजिन ओढीला लागले की जळत्या वायूचा दाब रिंगेच्या मागे शिरून तिला लायनरवर रेटतो, रेघांचे उंचवटे घासले जातात आणि दोघांची जोडी जमते. मेस्त्री याला 'रिंगा बसल्या' म्हणतात. सिंथेटिक घातले तर रिंगा बसतच नाहीत, असेही काहीजण ठासून सांगतात. ते पुरते खरे नव्हे. अमेरिकेत १९९२ साली कॉर्व्हेट ही मोटार कारखान्यातूनच सिंथेटिक भरून बाहेर पडू लागली आणि तिच्या रिंगा काही बसायच्या राहिल्या नाहीत. पण तिथली घासणी मोठ्या यंत्रावर मापात झालेली. आपल्याकडे बाजारपेठेच्या गावातल्या वर्कशॉपात मेस्त्रीच्या हाताच्या अंदाजावर बरेचसे अवलंबून. तिथे साधे मिनरल ऑईलच बरे. शिवाय सुरुवातीच्या घासणीचा सगळा कीस ऑईलमध्ये उतरतो, म्हणून पहिले ऑईल नि फिल्टर साधारण ५० तासांनी काढून टाकावेच लागतात. जे ओतूनच द्यायचे ते दुपटी-तिपटीच्या भावाचे कशाला घ्या?

एका सभासदाने इंजिन बांधून आणले, वर सिंथेटिक घातले आणि 'जरा मोकळे होऊ दे' म्हणून दोन दिवस छपरात नुसते फटफटत ठेवले. ओढ नाही म्हणजे दाब नाही, दाब नाही म्हणजे रिंगा बसत नाहीत. उलट ऑईल वर चढून जळते आणि लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो. ऐन हंगामात ट्रॅक्टर निळा धूर ओकू लागला. त्यांनी मेस्त्रीला दोष दिला, मेस्त्रीने ऑईलला. आमच्या मते ऑईलचा दोष थोडा, फटफटत ठेवण्याचा फार. नव्या इंजिनाला रिकामे ठेवू नये, तसेच पहिल्याच दिवशी दोन भरल्या ट्रेलरांना जुंपूही नये. मध्यम ओढीचे काम द्यावे, वेग कमी-जास्त करत राहावे.

यातच खरी अडचण आहे. ऊस वाहतुकीत ट्रॅक्टर दिवसाला दहा-बारा तास चालतो, म्हणजे ५० तास चार-पाच दिवसांत उडतात, तेही पूर्ण बोजाखाली. म्हणून इंजिनाचे काम गणपती उठताच उरकावे आणि वाफसा येताच रब्बीच्या मशागतीत हे ५० तास काढावेत. दसऱ्यानंतर इंजिन खोलणाऱ्याला आम्ही काय सांगणार!

मग सिंथेटिक कधी? ५० तासांनी ऑईल बदलून पुन्हा मिनरलच भरावे. रोज सकाळी इंजिन गार असताना, ट्रॅक्टर सपाटीवर उभा करून पट्टी बघावी आणि किती ऑईल वरून घालावे लागले ते वहीत टिपावे. पुढच्या बदलीपर्यंत, म्हणजे बहुतेक ट्रॅक्टरांत सुमारे २५० तासांपर्यंत, वरून घालणे जवळजवळ थांबले तर रिंगा बसल्या समजा. तेव्हा खुशाल सिंथेटिक भरा. आधी इंजिन धुऊन काढायची गरज नाही, आत उरलेल्या मिनरलशी ते मिसळते. फक्त ग्रेड ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत लिहिलेलाच हवा. मोटारसायकलीचे किंवा पेट्रोल गाडीचे चालणार नाही. पण तोवरही ऑईल खातच असेल, तर सिंथेटिकने ते दुखणे बरे होत नाही, जळते तेवढे महागाचे जळते. अशा वेळी मेस्त्रीकडेच जावे.

आणि आमचे विचाराल तर, वाहतुकीच्या ट्रॅक्टरला वेळेवर बदललेले चांगले मिनरल मल्टिग्रेड पुरते. सिंथेटिक उष्णता अधिक सोसते हे खरे, पण फडाच्या वाटेवरची धूळ त्यालाही चुकत नाही. ते घातले म्हणून बदली लांबवणारे आणि एअर क्लीनर महिनोन्‌महिने न उघडणारे सभासद आम्हांस ठाऊक आहेत. यंदा ज्यांनी इंजिन बांधले आहे, त्यांनी ती वही टूलबॉक्समध्येच ठेवावी. घरी ठेवलेली वही कोणी लिहीत नाही, ठिबकच्या नोंदींत आम्ही ते पाहिले आहे.